दोन लाख फेऱ्यांचा लगाम

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीजकेंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये व्यावसायिक उत्पादनाला लागला, दुसरा २०१९ मध्ये. पाणी आणि वाफ यांच्यातला फरकच मिटून जातो अशा दाबाला, म्हणजे २२१ बारच्याही वर नेलेली वाफ तिथल्या टर्बाइनवर सोडली जाते आणि अवाढव्य रोटर मिनिटाला ३००० फेऱ्या घेतो. ना फारशा कमी, ना फारशा जास्त, कारण देशाच्या ग्रिडचे ५० हर्ट्झ त्या आकड्यावर उभे आहेत.

आता त्याच परिसरातल्या हमरस्त्यावरून एखादी टर्बो पेट्रोल गाडी जाते. तिच्या बॉनेटखालीही एक टर्बाइन फिरतेय. तिचं चाक तळहातात मावेल एवढं, पण वेग मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्या. चाळीस मिलिमीटर व्यासाचं चाक दोन लाख फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ४१९ मीटर जातं, म्हणजे तासाला सुमारे १५०० किलोमीटर. नेहमीच्या हवेतल्या आवाजाहून वेगवान. गाडी सिग्नलजवळून चाळीसच्या वेगाने निघालेली असते, आत बसलेल्यांच्या गप्पा चाललेल्या असतात आणि त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर एक वस्तू ध्वनीचा वेग ओलांडत असते. हे पहिल्यांदा गणित करून पाहिलं तेव्हा मी आकडे पुन्हा तपासले. आकडे बरोबरच होते.

एवढ्या वेगाच्या चाकाला आवरायला एक छोटी झडप असते, वेस्टगेट. आणि काही हौशी मंडळी या झडपेचं तोंड सायलेन्सरकडे न वळवता सरळ बाहेर, उघड्या हवेत काढतात. त्यातून जो आवाज निघतो तो ज्याने एकदा ऐकला त्याला समजावून सांगावं लागत नाही. गाडी शांतपणे वेग घेत असते आणि एका क्षणी, कुठलीही पूर्वसूचना न देता, किंचाळते. तो आवाज येतो कुठून, हे पाहण्यासाठी धुराच्या एका झोताचा प्रवास सुरुवातीपासून पाहायला हवा. योगायोगाने ती सुरुवात सोलापुरात होऊ शकते.

सोलापूर म्हटलं की चादरी आठवतात, पण याच गावात १९९२ साली यतीन शाह यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा जगभरच्या मोटार कंपन्यांना तिने कॅमशाफ्ट पुरवले. कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकार उंचवटे असलेला दांडा. हे उंचवटे इंजिनाच्या झडपा दाबून उघडतात. एकाच दांड्याकडून दोन उलट गुणांची अपेक्षा असते: पृष्ठभाग इतका कठीण हवा की लाखो किलोमीटर घासूनही झिजू नये, आणि गाभा इतका मऊ की दांडा तडकू नये. यावरची एक जुनी युक्ती फार देखणी आहे. साच्यात जिथे उंचवटे येणार तिथे आधीच धातूचे तुकडे बसवतात. वितळलेलं बीड त्यांना भिडताच झटकन थंड होतं आणि तेवढ्याच थरात कडक पांढरं बीड तयार होतं. आतला भाग सावकाश निवतो आणि करडा, मऊसर राहतो. एकच ओतकाम, एकच धातू, दोन स्वभाव.

कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे गाडीचा काटा ६००० वर गेला की कॅमशाफ्टच्या फेऱ्या बरोबर ३०००. फताटेवाडीच्या रोटरइतक्याच!

तर पिस्टन खाली येत असतो, पेट्रोल जळून गेलेलं असतं, आणि पिस्टन तळाला पोचायच्या आधीच तो उंचवटा एक्झॉस्टची झडप ढकलतो. जळलेल्या वायूचा दाब अजून बाहेरच्या हवेच्या चार-पाच पट असतो. फट केसाएवढी उघडली तरी वायू तिच्यातून ध्वनीच्या वेगाने सुटतो. इथे ध्वनीचा वेगही आपल्या नेहमीच्या हवेतला नाही. वायू जितका तापलेला तितका ध्वनी त्यात जलद धावतो. नऊशे अंशांच्या आसपास तो सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या पुढे जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात ६००० फेऱ्यांना असे दोनशे स्फोटक झोत दर सेकंदाला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांमध्ये, आदळतात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा या झोतांबरोबर गाडीबाहेर निघून जातो. चाकांना तो मिळत नाही.

ही उधळपट्टी आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला सोसवली नाही. १९०५ साली त्याने पेटंट मागितलं ते याच धुरावर टर्बाइन फिरवून तिच्याकडून इंजिनात हवा कोंबून घेण्याच्या कल्पनेवर. एकाच दांड्याच्या एका टोकाला धुराचं चाक, दुसऱ्या टोकाला हवेचं. हाच टर्बो. रचना आजही तीच आहे. धुराचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं, साडेनऊशे अंशांपर्यंत लालबुंद. हवेचं चाक ॲल्युमिनियमचं, जे त्या तापमानाला केव्हाच वितळून गेलं असतं. दोघांमध्ये अंतर काही सेंटिमीटरचं. मधला दांडा बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंगवरही नसतो. तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत असतो, कशालाही न टेकता.

उसाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याकडेला उभं राहिलं तर याचा आवाज ऐकू येतो. भरलेला ट्रक चढावर गिअर बदलतो आणि इंजिनाच्या घरघरीच्या वर एक बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. ड्रायव्हर म्हणतात, टर्बो बोलतोय. दांडा मिनिटाला एक लाख फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला १६६७ होतात, आणि १६६७ हर्ट्झ हा माणसाच्या कानाला अगदी स्पष्ट लागणारा स्वर आहे. त्या शिट्टीत आपण प्रत्यक्ष फेऱ्याच ऐकत असतो. चढ संपला, पाय उचलला, की स्वर उतरतो.

इथवर सगळं फायद्याचंच आहे. अडचण पुढे आहे, आणि ती टर्बोच्या स्वभावातच आहे. जास्त धूर म्हणजे चाकाला जास्त वेग. जास्त वेग म्हणजे इंजिनात जास्त हवा. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि जास्त पेट्रोल म्हणजे पुन्हा जास्त धूर. या चक्राला आपणहून थांबायची बुद्धी नाही. मोकळं सोडलं तर दाब चढत राहतो. शेवटी पिस्टन फुटतो किंवा टर्बो. मोठी टर्बाइन बसवली तर हा धोका कमी, पण ती कमी फेऱ्यांना हलतच नाही. गाडी गावात मरगळलेली वाटते. छोटी बसवली तर पिकअप छान, पण वरच्या फेऱ्यांना धूर तिला झेपत नाही.

उत्तर उजनीला पाहायला मिळतं. धरणाच्या पायथ्याशी छोटं जलविद्युत केंद्र आहे. पाणी त्यातून जातं तेव्हा वीज होते. पण पावसाळ्यात वरून भीमेला लोंढा आला की सगळं पाणी टर्बाइनमधून सोडायचा कुणी विचारही करत नाही. सांडव्याचे दरवाजे उचलतात आणि जादा पाणी टर्बाइनला वळसा घालून नदीत जातं. वेस्टगेट हा टर्बोचा सांडवा आहे. टर्बाइनच्या अलीकडे, मॅनिफोल्डलाच, एक दुसरी वाट काढलेली असते. तिच्यावर झडप, झडपेवर स्प्रिंग, स्प्रिंगखाली पडदा. टर्बोने तयार केलेल्या हवेच्या दाबाचीच एक बारीक नळी त्या पडद्याखाली आणलेली असते. समजा स्प्रिंग ०.७ बारची आहे. दाब तिथवर पोचला की पडदा स्प्रिंगला उचलतो, झडप उघडते, धूर वळसा घेतो, चाकाचा वेग सावरतो. दाब उतरला की झडप मिटते. म्हणजे टर्बोनेच निर्माण केलेला दाब टर्बोला आवरतो. पूर्ण जोरात चाललेल्या काही पेट्रोल इंजिनांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक धूर या वळशाने जातो. ज्या धुरासाठी एवढा खटाटोप केला, त्यातला एवढा मोठा भाग मुद्दाम सोडून द्यायचा! मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

वळसा घेतलेला धूर नेहमीच्या गाडीत टर्बाइनच्या पलीकडे पुन्हा मुख्य पाइपात मिसळतो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर असं करत मागून बाहेर पडतो. उघड्या वेस्टगेटमध्ये तो मिसळतच नाही. झडपेला हातभर लांबीचा स्वतंत्र पाइप जोडलेला असतो आणि त्याचं तोंड चाकाच्या कमानीजवळ किंवा गाडीखाली उघडं असतं.

आता आवाज. एक्झॉस्टच्या झोताचं पुढचं टोक फार तीव्र असतं. दाब क्षणार्धात चढतो. असा तुटक, धारदार धक्का म्हणजे एकच स्वर नसतो, त्यात वरच्या पट्टीतले असंख्य स्वर एकत्र कोंबलेले असतात. नेहमीच्या वाटेवर हा झोत आधी टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. तिथे त्याची ऊर्जा फिरण्यात खर्ची पडते, त्याची धार बोथट होते. टर्बो गाड्या बिनटर्बोच्या गाड्यांपेक्षा मुळातच मवाळ ऐकू येतात त्याचं कारण हे: टर्बाइन हा अर्धा सायलेन्सरच आहे. पुढे कन्व्हर्टरच्या जाळीतून आणि सायलेन्सरच्या कप्प्यांतून जाताना उरलेसुरले वरचे स्वरही गळतात. वेस्टगेटच्या उघड्या पाइपाला यातलं काहीच भेटत नाही. सिलिंडरची झडप, थोडासा मॅनिफोल्ड, वेस्टगेटची झडप, आणि बाहेरची हवा. सेकंदाला दोनशे धक्के, त्यांच्या सगळ्या धारांसकट, ३८ किंवा ४४ मिलिमीटरच्या तोंडातून. पाइप आखूड असल्याने तो काही मुरवतही नाही.

आणि अचानकपणा? झडप ठरलेल्या दाबापर्यंत बंद असते. तोवर गाडी मवाळच असते. दाब ०.७ ला पोचतो, झडप आसनावरून उचलली जाते आणि एका क्षणात आवाजाची जातच बदलते. चालकाने गिअर बदलायला पाय उचलला की तितक्याच झटक्यात सगळं शांत. पुन्हा पाय दाबला, दाब चढायला अर्धा-एक सेकंद, पुन्हा किंकाळी. माहीतगार कानाला त्यावरून टर्बोचा दाब कधी भरला ते मीटर न पाहता कळतं.

हा प्रकार रस्त्यावरच्या गाड्यांनी शोधलेला नाही. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने लिबर्टी विमानइंजिन ट्रकवर लादून कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर, ४३०० मीटर उंचीवर नेलं आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बो परत मिळवून देतो हे दाखवलं. पुढे बी-१७ सारख्या विमानांच्या इंजिनांखाली टर्बो उघड्यावरच बसवलेले असत आणि वेस्टगेटचा धूर थेट आभाळात जाई. सुरुवातीला तर ती झडप वैमानिक तरफेने हलवत. उंची बदलली की चारही इंजिनांचा दाब हाताने सांभाळायचा!

गाड्यांत टर्बो आला १९६२ मध्ये, जनरल मोटर्सच्या दोन मॉडेलांतून. ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होता. शेव्हरोले कॉर्व्हेअरला नव्हताच. तिचा दाब आवरायचा तो अरुंद सायलेन्सरच्या अडथळ्याने. म्हणजे त्या गाडीत सायलेन्सर काढून टाकणं हे नुसतं गोंगाटाचं काम नव्हतं, इंजिनाच्या जिवावर बेतणारं होतं. स्वीडनच्या साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो दाखवली तेव्हा विचार उलटा केला. पेर यिल्ब्रांद या अभियंत्याच्या चमूने छोटी, चटकन जागी होणारी टर्बाइन घेतली आणि वरच्या फेऱ्यांची काळजी वेस्टगेटवर सोपवली. आज नेक्सॉनपासून टायगुनपर्यंत रस्त्यावर दिसणारी कुठलीही टर्बो पेट्रोल गाडी हाच मार्ग चालते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या झडपेवर जो ताण येतो तोही पाहण्यासारखा आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, मे महिन्यात पारा ४३ वर. दोन्ही मिळून हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ चौदा टक्के विरळ होते. तेवढीच हवा इंजिनात भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. त्यात हवा दाबली की तापते: ४३ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून ती १४० अंशांच्या घरात बाहेर येते. इंटरकूलर ती थंड करतो, पण तोही ४३ अंशांच्याच वाऱ्याने. हवा फार तापली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेट्रोल आपोआप पेट घेऊ पाहतं, इंजिनाचा संगणक सावध होतो आणि वेस्टगेट लवकर उघडायला लावतो. पुणे–सोलापूर रस्त्यावर भर दुपारी गाडी जरा जड वाटते आणि पहाटे तीच हलकी, यात मनाचा खेळ थोडा असेल, पण भौतिकशास्त्र बरंच आहे.

मग उघड्या वेस्टगेटने ताकद वाढते का? थोडी. वळशाचा धूर टर्बाइनच्या तोंडाशीच आडवा घुसवला तर मुख्य प्रवाहात खळबळ माजते आणि टर्बाइनला पलीकडे ढकलायला जोर लागतो. तो स्वतंत्र सोडला तर ही अडचण सुटते. पण तोच पाइप नीट कोनात, थोडा पुढे नेऊन मुख्य पाइपाला जोडला तरी जवळजवळ तितकाच फायदा होतो. शर्यतीच्या गाडीत वजन आणि जागा वाचते म्हणून उघडा पाइप शहाणपणाचा ठरतो. रस्त्यावर उरतो तो मुख्यतः आवाज.

शिवाय आपल्याकडच्या गाड्यांत हे सोपं नाही. इथल्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांचा वेस्टगेट टर्बाइनच्या घरातच एक छोटं झाकण म्हणून बसवलेला असतो. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि झाकण विजेच्या मोटरने हलतं. स्वतंत्र झडप बसवायला जागा काढायची तर आख्खी मांडणी उसवावी लागते. या विजेच्या झाकणाची एक करामत मात्र सांगायलाच हवी. थंड इंजिन सुरू केल्यावर ते मुद्दाम उघडं ठेवता येतं, म्हणजे गरम धूर टर्बाइनमध्ये न रेंगाळता थेट कन्व्हर्टरवर जातो आणि कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो. उघड्या पाइपातून हाच धूर कन्व्हर्टर चुकवून निघून जातो; इथे तोच वळसा कन्व्हर्टरला मदत करतो.

रस्त्यावर उघडा वेस्टगेट नको, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं पहिलं कारण आवाज नाही, हा चुकलेला कन्व्हर्टर आहे. पूर्ण दाबाला इंजिन थंड ठेवण्यासाठी पेट्रोल गरजेपेक्षा जास्त सोडलं जातं, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. नेमक्या त्याच वेळी झडप उघडते आणि तो विषारी वायू, साफ न होता, गाडीच्या पुढच्या भागाखाली सुटतो. खिडकी उघडी असेल तर आतही येतो. पीयूसीच्या तपासणीत हे पकडलंही जात नाही. गाडी जागेवर मंद चालू असताना दाब नसतो, झडप बंद असते, सगळा धूर इमानदारीने कन्व्हर्टरमधून जातो आणि कागद स्वच्छ मिळतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ साठी एवढी मेहनत घेतली, ती या हातभर पाइपाने फुकट जाते.

आवाजाचं गणितही साधं आहे. मोटारगाडी साडेसात मीटरवरून जोरात नेली तर तिचा आवाज ७४ डेसिबलच्या आत हवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत ही चाचणी होते. डेसिबलमध्ये दर दहाला ऊर्जा दहापट होते, म्हणजे ७४ चे ९४ झाले तर शंभरपट. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली अशा गाडीला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून आलेली आहेतच. हौस खरी असेल तर तिला मोकळी जागा हवी. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, तशी.

या आवाजाची किंमत फॉर्म्युला वनला फार वेगळ्या तऱ्हेने कळली. २०१४ मध्ये तिथे १६०० सीसीची टर्बो व्ही-६ इंजिनं आली आणि टर्बोच्या दांड्यालाच एमजीयू-एच नावाचं विद्युतजनित्र जोडलं गेलं. धूर जास्त झाला की वेस्टगेट उघडायची गरज फारशी उरली नाही. जनित्र दांड्याला आवरी आणि त्या जादा ताकदीची वीज करी. इंजिनं कमालीची काटकसरी झाली. आणि प्रेक्षक हिरमुसले, कारण गाड्या गप्प झाल्या. शेवटी २०१६ पासून नियम आला की वेस्टगेटचा धूर मुख्य पाइपात न मिसळता स्वतंत्र शेपटीपाइपातूनच बाहेर पडला पाहिजे. आवाज थोडाच वाढला, कारण जनित्र असताना झडप फारशी उघडतच नव्हती. २०२६ च्या नियमांत एमजीयू-एच काढून टाकला आहे, आणि टर्बोच्या दांड्यावर आता जादा ताकद गिळणारं कुणी राहिलेलं नाही. दाब सांभाळायचं काम पुन्हा झडपेकडे आलं आहे.